शरदातली जपानी पायवाट, माचाचा वाडगा आणि त्या आठवड्याची मिठाई

कामोकाठ

नोव्हेंबर उजाडला की क्योटोत मुंगी शिरायला जागा नसते. बसथांब्यांवर रांगा, तोफुकु-जीच्या पुलावर रेटारेटी, आणि ज्याच्या त्याच्या हातात एका दिवसात उरकायच्या सहा-सात देवळांची यादी. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: एक दरी निवडा, ती निवांत चाला, आणि चहा समोर आला की बसून राहा. लाल पानं, चहा आणि त्या आठवड्याची मिठाई हे इथे एकाच ताटात येतं. ते तसंच घेतलं तर शरद कळतो. कुणी कुठे चाललंय, काय खाल्लंय, ते या धाग्यावर लिहूया. सुरुवात माझ्यापासून.

माझी दरी ताकाओची. क्योटो स्टेशनहून जेआरची बस पन्नासेक मिनिटांत डोंगरात आणून सोडते. शहरातली पानं नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रंगतात, इथे उंचीमुळे आठ-पंधरा दिवस आधी. किओताकी नदीच्या काठाने जिंगो-जी, साइम्यो-जी आणि कोझान-जी अशी तीन देवळं आहेत. जिंगो-जीच्या दगडी पायऱ्या चांगल्याच दमवतात. वर गेल्यावर मातीच्या छोट्या ताटल्या विकत घेऊन लोक दरीत भिरकावतात, ताटलीबरोबर इडापिडा गेली असं मानतात. तिथून उतरायचं आणि नदीच्या कडेने कोझान-जीला यायचं.

मला सांगायचं आहे ते कोझान-जीबद्दल. ११९१ साली एइसाई नावाचा भिक्खू चीनहून चहाचं बी घेऊन परतला. त्यातलं थोडं त्याने म्योए या भिक्खूला दिलं आणि म्योएने ते या तोगानोओच्या उतारावर लावलं, अशी परंपरा सांगते. देवळाच्या आवारात अजून चहाचा छोटा मळा आहे, जपानमधला सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो. पुढे चहा चाखून ओळखण्याच्या पैजा लागायच्या, तेव्हा इथला चहा अस्सल आणि बाकी गावांचे सगळे दुय्यम समजले जात. क्योटोजवळच्या उजी गावाचं चहासाठी नाव झालं ते त्यानंतर. पण उजीचे चहावाले हे ऋण विसरलेले नाहीत. दर वर्षी ८ नोव्हेंबरला ते इथे येऊन त्या वर्षीचा नवा चहा म्योएला अर्पण करतात.

मळ्यापाशी पोचलात तर जरा वाका. शरदात चहाला फुलं येतात. पांढऱ्या, किंचित चुरगळलेल्या पाकळ्या, मधे पिवळ्या केसरांचा गच्च झुबका, आणि फूल मान खाली घालून पानाआड. सगळ्यांच्या माना वर मॅपलकडे असतात, त्यामुळे ते पाहणारे फार थोडे.

आता मिठाई. चहाघरात बसलात की आधी मिठाई येते. ती पूर्ण संपवायची आणि मगच वाडगा उचलायचा. घोट-घास, घोट-घास असं करत नाहीत. तोंडात गोडवा रेंगाळत असताना माचाचा, म्हणजे पाण्यात घुसळलेल्या हिरव्या चहाच्या भुकटीचा, कडूपणा त्यावर येतो, आणि त्यासाठीच दोन्ही बनवलेलं असतं. या दिवसांत मला सर्वांत आवडते ती किंतोन. पांढऱ्या घेवड्याचं गोड सारण रंगवून चाळणीतून दाबतात, त्याचे बारीक तुकडे पडतात, आणि ते चॉपस्टिकने एकेक उचलून अंकोच्या (कडधान्याच्या गोड सारणाच्या) गोळीला चिकटवतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते तुकडे बहुतेक हिरवे, एखादाच पिवळा. पुढे पिवळा वाढतो, मग नारिंगी, आणि नोव्हेंबरअखेरीला जवळजवळ सगळं लाल. चांगला हलवाई डोंगराच्या दोन पावलं पुढे असतो. डोंगर पूर्ण लाल झाला की त्याच्याकडे लाल किंतोन संपत आलेली असते.

रानवारा

क्या बात है! चहाला फूल येतं हे पहिल्यांदा वाचलं. अजून लिहा.

सायली_ठाणे

छान धागा. एक प्रश्न आहे, थोडा सविस्तर. नोव्हेंबरात आईला घेऊन क्योटोला जातेय. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही, आणि गुडघ्यांमुळे जमिनीवर बसणं अशक्य. चहाचा कार्यक्रम म्हटलं की सगळीकडे वज्रासनातले फोटो दिसतात. तिला बाहेर बसवून मी एकटीने आत जाणार नाही. काही मार्ग आहे का?

तातामी

सायली, नक्की आहे. मी ओसाकात उरासेनके घराण्याच्या पद्धतीने चहा शिकतेय, त्यामुळे जरा खात्रीने सांगते.

आधी गुडघे. टेबल-खुर्चीवरचा चहा ही आजकालची सवलत नव्हे. १८७२ साली क्योटोत प्रदर्शन भरलं, परदेशी पाहुणे येणार होते, तेव्हा उरासेनकेच्या गेंगेनसाई यांनी खुर्चीवर बसून चहा देण्याची रीतसर पद्धत बसवली. तिला र्यूरेइ म्हणतात. आरक्षण करताना एवढा एक शब्द लिहा, समोरचा लगेच समजतो. देवळांच्या अंगणात लाल कापड घातलेले बाक आणि वर मोठी लाल छत्री दिसली तर तिथेही पाय खाली सोडून बसता येतं. तो चहा तितकाच खरा.

आता खाणं. वागाशी, म्हणजे पारंपरिक जपानी मिठाई, मुळातच बहुतेक वनस्पतीजन्य. अंको म्हणजे अझुकी हे लाल कडधान्य शिजवून साखरेत आटवलेलं सारण, आपल्या पुरणाचा सख्खा भाऊ. गाळून मऊ केलं तर कोशिआन, दाणे ठेवले तर त्सुबुआन. नेरिकिरीत पांढऱ्या घेवड्याचं सारण आणि तांदळाच्या पिठाचं ग्यूही. योकान (अंकोची वडी) घट्ट होतो तो कानतेनने, ते समुद्री शेवाळापासून काढतात. अंडं असतं ते दोरायाकीत, कास्तेरात आणि किमी-शिगुरे नावाच्या भुसभुशीत मिठाईत. आधुनिक पुडिंग-मूसच्या वाट्याला जाऊ नका, जिलेटिन असू शकतं. कुणी जैन असेल तर आणखी एक: ज्योयो मांजूच्या पांढऱ्या कव्हरात कंद किसून घालतात.

जेवणात मात्र सांभाळा. साध्या दिसणाऱ्या उदोनच्या रश्शातही सुकवलेल्या माशाचं दाशी (सार) असतं. देवळातलं शोजिन र्योरी पूर्ण शाकाहारी.

सायली_ठाणे

तातामी, किती नेमकं सांगितलंत! आईला वाचून दाखवलं. तिचा लगेच प्रश्न: वाडगा फिरवायचा तो का?

तातामी

वाडग्याची सर्वांत देखणी बाजू यजमान तुमच्याकडे करून देतो. त्या बाजूवर आपले ओठ लागू नयेत म्हणून पिण्याआधी तो थोडा फिरवायचा, आमच्याकडे घड्याळाच्या दिशेने दोनदा. पिऊन झाल्यावर उलट फिरवून परत करायचा. शेवटचा घोट आवाज करून ओढला तर चहा संपला हे यजमानाला कळतं. देवळातल्या चहाघरात यातलं काही केलं नाही तरी कुणी डोळे वटारत नाही. आईंना सांगा, वाडगा दोन्ही हातांत धरला की झालं.

आणि तुम्ही नोव्हेंबरात जाताय हे फार छान. चहावाल्यांचं नवं वर्ष नोव्हेंबरातच लागतं. मे महिन्यात खुडलेली पानं मातीच्या बरणीत तोंड सील करून ठेवलेली असतात, ती या महिन्यात फोडतात. उन्हाळ्यातली शेगडी बाजूला होते आणि जमिनीत खोदलेली चूल, रो, उघडतात. त्या दिवशी इनोको-मोची खायची रीत आहे. छोटी, तपकिरीसर, रानडुकराच्या पिल्लासारखी लांबट मोची, म्हणजे चिकट तांदळाची मऊ मिठाई. जुन्या दहाव्या महिन्यातल्या वराहदिनी ती खाल्ली की आजार दूर राहतो अशी श्रद्धा. मिठाईच्या दुकानात थोडेच दिवस मिळते, दिसली तर सोडू नका.

कडकचहा

विषय सुंदर आहे, पण माझं मत वेगळं नोंदवतो. माचा महाग झालाय आणि चालून दमल्यावर मला तो जड जातो. २०२४ च्या शरदात तर क्योटोतल्या नावाजलेल्या दुकानांनी गिऱ्हाइकागणिक डबे मोजून द्यायला सुरुवात केली, एवढी जगभरातून मागणी वाढली. थंडीत चालताना माझी पसंती होजिचाला. भाजलेला, तांबूस, उकळत्या पाण्यात बिनधास्त करता येतो, कॅफीन कमी, रात्री झोपेचं खोबरं होत नाही. क्योटोच्या गल्लीत चहाचं दुकान भाजणी करत असेल तर वास दुरूनच येतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. त्यासोबत फुकियोसे: वाऱ्याने एका कोपऱ्यात जमा केलेल्या पाचोळ्याच्या रूपातली कोरडी मिठाई. जिन्कोचं पान, मॅपलचं पान, पाइनची काडी, छोटी अळंबी, सगळं एका डबीत. खिशात राहते आणि चुरत नाही.

कामोकाठ

कडकचहा, होजिचाबद्दल शंभर टक्के. चालताना थर्मासमध्ये माझाही तोच असतो. पण माचाच्या किमतीमागचं कष्टाचं गणित सांगायलाच हवं. खुडणीआधी वीसेक दिवस मळ्यावर आच्छादन घालतात. ऊन कमी झालं की पानातलं चव देणारं थियानिन तुरट कॅटेचिनमध्ये फारसं बदलत नाही, म्हणून तुरटपणा कमी आणि चव भरीव. मग पानं वाफवून, न वळता वाळवतात, देठ-शिरा काढतात, आणि जे उरतं ते दगडी जात्यात दळतात. एक जातं तासाभरात तीस-चाळीस ग्रॅम देतं. घाई केली तर दगड तापतो आणि वास मरतो. एका वाडग्याला दोन ग्रॅम लागतात. मागणी वाढली म्हणून हे वेगाने होण्यातलं नाही. एक वाडगा घ्या, पण बसून घ्या. प्लास्टिकच्या ग्लासात बर्फ-दूध घालून चालता चालता ओढण्यात त्या जात्याचं चीज होत नाही.

मुक्काम_नागोया

क्योटोखेरीजचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खरं शरदातलं चालणं हवं असेल तर नाकासेंदोवर या. एदो (आजचं टोक्यो) ते क्योटो या जुन्या डोंगरी राजमार्गाचा मागोमे ते त्सुमागो हा तुकडा आठेक किलोमीटरचा, रमतगमत तीन तास. नागोयाहून नाकात्सुगावाला रेल्वेने यायचं, तिथून बस.

पण स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या बस पकडू नका. नाकात्सुगावा हे कुरी किंतोनचं माहेर, स्टेशनासमोर तसा दगडच उभारलाय. (कामोकाठ यांनी लिहिलेली किंतोन वेगळी, ही वेगळी. नववर्षाच्या डब्यात रताळ्याच्या लगद्यातले चेस्टनट असतात, ती तिसरीच.) इथली कुरी किंतोन म्हणजे फक्त चेस्टनट आणि साखर. चेस्टनट वाफवून गर काढतात, साखरेबरोबर आटवतात, ओल्या फडक्यात घेऊन पिळतात. फडक्याच्या चुण्या मिठाईच्या अंगावर उठतात आणि टोकाला छोटी शेंडी येते. गर मुद्दाम पूर्ण बारीक करत नाहीत, दाताखाली कण लागतात. तोंडात आधी कोरडी वाटते, मग एकदम विरघळते. सप्टेंबरात सुरू होते आणि हिवाळ्यात बंद. गावातल्या प्रत्येक दुकानाचा हात वेगळा, म्हणून एकेक नग वेगवेगळ्या दुकानांतून घेऊन पुढे निघायचं.

मागोमे खिंड ओलांडून उतरणीला लागलं की जंगलात एक जुनं लाकडी घर लागतं. पूर्वी वाटसरूंचा विसावा होता. आत मातीची जमीन, मधे पेटलेली चूल, वर टांगलेली काळी किटली, आणि गावातली स्वयंसेवक मंडळी येणाऱ्याला फुकट चहा देतात. पिशवीतली कुरी किंतोन तिथे काढा. माचा नाही, कसलाही थाट नाही, साधा गरम हिरवा चहा, आणि धुराचा वास कपड्यांत शिरतो. मला सर्वांत समाधान देणारा जपानी चहा हाच.

वाटेत अस्वलांसाठी घंटा टांगलेल्या आहेत, त्या वाजवत जा. आणि भूक लागली तर गोहेइ-मोची: भाताच्या गोळ्यांना अक्रोड-मिसोचा लेप लावून निखाऱ्यावर भाजलेली.

रानवारा

नागोयाकर, फुकट चहा देणारं ते घर माझ्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं!

सिंहगडरोड

पुण्यातून प्रतिसाद. आमच्या वाट्याला लाल मॅपल नाही, पण पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेलं. पाऊस सरल्यावर आश्विनात सकाळी तिथे चक्कर मारली की पाणी नितळ झालेलं असतं आणि हवेत किंचित गारवा. दर वेळी वाटतं, मूळ बागेत आत्ता काय चालू असेल?

दुसरं म्हणजे चंद्र. जपानी लोक आठव्या चांद्रमासाच्या पंधराव्या रात्री, ज्यूगोयाला, चंद्र बघतात आणि दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या गोळ्या, मांडतात हे वाचलं होतं. बहुतेक वर्षी ती आपली भाद्रपद पौर्णिमा असते. पण २०२५ साली त्यांचा अधिक महिना आधी येऊन गेला, आपला २०२६ मध्ये होता, त्यामुळे ६ ऑक्टोबरला त्यांची ज्यूगोया आणि आपली कोजागरी एकाच रात्री आली. आम्ही गच्चीवर मसाला दूध आटवत होतो आणि तिकडे त्याच चंद्राला दांगो. मला हे फार भावलं.

ओकायामाकर

सिंहगडरोड, मूळ बागेपासून सायकलवर दहा मिनिटांवर राहतो, सांगतोच. कोराकुएन १७०० साली पूर्ण झाली, इकेदा त्सुनामासा या सरदाराने करवली. शरदात मंडळी तिच्या चिशिओ-नो-मोरी या भागाकडे धावतात, शंभरेक मॅपल तिथे एकत्र आहेत. पण मी तुम्हाला बागेच्या मधल्या चहाच्या मळ्याकडे नेईन. नेटक्या कापलेल्या गोल गोल रांगा, मागे टेकडी, आणि पलीकडे काळा किल्ला. मेमध्ये तिथे खुडणीचा सण होतो.

तिथून जवळच र्यूतेन नावाचा मंडप आहे. भिंती नाहीत, आणि खालच्या मजल्याच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो, त्यात रंगीत दगड ठेवलेत. सरदाराच्या विश्रांतीची जागा. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बागेचं पुष्कळ जळलं, ही वास्तू वाचली. आता कुणीही जोडे काढून लाकडी फळ्यांवर पाटाच्या कडेला बसू शकतं. इथली मिठाई अर्थात किबीदांगो, मऊ, पिठूळ, बाजरीच्या जातीतल्या धान्याच्या नावाची.

ज्यूगोयाला बागेत चंद्रदर्शनाचा कार्यक्रम असतो. आणि ज्यूगोया हुकली तरी वाईट वाटून घेऊ नका, महिन्याभराने ज्यूसान्याची, तेराव्या रात्रीची फेरी असते. त्या चंद्राला चेस्टनट आणि शेंगा. एक चंद्र पाहिला आणि दुसरा नाही, तर अपुरं मानतात. दांगोतही प्रांताप्रांताचा फरक: टोक्योत पांढऱ्या गोल गोळ्यांची उतरंड, क्योटोत लांबट गोळा आणि त्याला अंकोची दुलई.

सिंहगडरोड

आता कधीतरी यावंच लागणार! तोवर घरी काही करता येईल का? चेस्टनट इथे मिळत नाहीत.

तातामी

रताळ्याचं चाकिन करा. जपानी घरांत शरदात सर्रास होतं. पाव किलो रताळी वाफवून सोला, गरम असतानाच चाळणीतून दाबा म्हणजे दोरे निघून जातील. पन्नास ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर गोळा कढई सोडेपर्यंत परता. कोमट झालं की ओल्या मलमलच्या फडक्यात लिंबाएवढं घ्या आणि वर पीळ द्या. दूध, तूप, वेलची काही घालू नका. रताळ्याची स्वतःची चव पुढे यायला हवी. उपासालाही चालेल.

माचा असेल तर दोन ग्रॅम चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. सत्तर मिली पाणी, उकळून ऐंशी अंशांपर्यंत निवलेलं. बांबूची रवी आधी गरम पाण्यात भिजवून मग मनगटाने मागे-पुढे भराभर. गोल ढवळलं तर फेस येत नाही. डबा फ्रिजमध्ये ठेवलात तर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. पुण्याच्या पावसाळी हवेत तर विशेष. थंड डब्यात दमट हवा शिरली की भुकटी लवकर रंग सोडते.

कडकचहा

माचा नसेल तर घरात पडून राहिलेला जुना हिरवा चहा खापराच्या तव्यावर मंद आचेवर हलवत भाजा. पानं तपकिरी होऊन खमंग वास सुटला की लगेच उतरवा. घरचा होजिचा तयार. रताळ्याबरोबर तो माचापेक्षाही चांगला लागेल.

निशीकासाई

धागा वाचून टोक्योतल्या मंडळींना चुळबुळ सुटली आहे. गटग, म्हणजे एकत्र भेट, करूया का? मी रिकुगिएन सुचवते. १७०२ ची बाग, कोमागोमे स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटं, तळ्याकाठी फुकिआगे चायात माचा आणि ऋतूची मिठाई मिळते. बाहेर बाकांवर बसता येतं, त्यामुळे ज्येष्ठांचीही सोय होते. २३ नोव्हेंबरची सुट्टी टाळू, त्या दिवशी तिकिटाचीच रांग रस्त्यापर्यंत येते. टोक्योत पानं तशीही महिनाअखेरीला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण रंगतात. त्या आठवड्यातला एखादा मंगळवार, सकाळी नऊला दार उघडताच?

कामोकाठ

मी क्योटोहून शिंकानसेनने येते. लाल किंतोन प्रवासात टिकत नाही, म्हणून फुकियोसेचे डबे आणते, बागेतून बाहेर पडल्यावर वाटू. सायली, आई आणि तुम्ही त्या सुमारास टोक्योत असाल तर या दोघी. किती जण येणार ते इथेच कळवा, दहाच्या वर गेलो तर चहाघराला आधी विचारून ठेवावं लागेल.

सायली_ठाणे

आमचं परतीचं विमान टोक्योहूनच आहे, ३ डिसेंबरला. आई म्हणतेय दोन नावं लिही.